पुस्तकातला डावा हात

जो खेळ आपण जन्मात पाहिलेला नाही, तो दुसऱ्याला शिकवायला जेवढी छाती लागते, तेवढी मी फक्त आमच्या ड्रिलमास्तरांकडे पाहिली. साठ-पासष्टच्या त्या दिवसांत राळेगावात सॉफ्टबॉल हा शब्द उच्चारणारे ते एकटेच होते, त्यामुळे त्यांना खोडून काढणारंही कोणी नव्हतं. शाळेने त्यांना दहा दिवसांच्या शिबिराला धाडलं. चेंडू कसा टाकायचा हे ज्या दिवशी शिकवलं, नेमके त्या दिवशी सर पोट बिघडून खोलीत पडून होते. भरपाई म्हणून येताना त्यांनी एक इंग्रजी पुस्तिका आणली. इंग्रजीशी त्यांचं जमत नसे, पण आत सहा चित्रं होती. एक बाई हात डोक्यावरून पूर्ण गोल फिरवून मांडीजवळून चेंडू सोडते आहे. "अक्षर खोटं बोलू शकते, चित्र नाही," असं सरांचं मत होतं. चित्रातली बाई डाव्या हाताने टाकत होती, म्हणून शाळेच्या संघातल्या आम्ही दहाही मुली डाव्या हाताने टाकू लागलो.

सर तोंडातली शिट्टी कधी काढत नसत. बोलतही शिट्टीसकटच, त्यामुळे प्रत्येक वाक्याला शेवटी एक बारीक सूर लागे. आपण उजवे असून पोरींना डावं कसं सांगायचं, म्हणून ते दाढीही डाव्या हाताने करू लागले आणि महिनाभर गालाला कापूस चिकटवून शाळेत आले. रस्त्याने चालताना त्यांचा डावा हात गोल फिरतच असे. एकदा एस. टी. स्टँडबाहेर तो असा फिरला, की निघालेली गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, "चढता काय, मास्तर?" सर म्हणाले, "नाही. बॉल टाकून राह्यलो." गाडीतल्या लोकांनी खाली वाकून बॉल शोधला.

चेंडू अर्थातच हेडमास्तरांच्या कपाटात कुलूपबंद असे. आम्ही चिंध्यांचे गोळे सुतळीने आवळून टाकत असू. नऊ जणींचे गोळे कुठेही जात. माझा तेवढा सरळ जाई, कारण मी जन्माचीच डावखुरी. घरी हे पाप होतं. मला आत्याने वाढवलं, आणि जेवताना माझा डावा हात ताटाकडे सरकला की तिची पळी त्यावर बसे. शेवटी उजवा हात जेवायला शिकला, लिहायला शिकला. आणि आता मैदानावर कोणीतरी मला डावाच उचल म्हणत होतं. जगात मला एवढंच हवं होतं.

आत्याला कळलं तेव्हा ती पदर खोचून शाळेत आली. "हिचा डावा हात सोडवाले मले सहा वर्षं लागले. अन् तुम्ही सहा दिवसांत परत लावला?"

सरांनी पुस्तिका उघडून धरली. "पुस्तकात हाये, बाई."

आत्याला वाचता येत नव्हतं, आणि म्हणूनच छापील कागदापुढे तिचं काही चालत नसे. "मैदानात डावा, घरात उजवा," असा निकाल देऊन ती गेली.

मग यवतमाळला सामना झाला. आमच्या पहिल्या मुलीचा चेंडू पाहुण्यांच्या चहाच्या कपात पडला, दुसरीचा मागे बसलेल्या आमच्याच मुलींवर आला. लोक पोट धरून हसत होते. माझी पाळी येईपर्यंत सामना केव्हाच हातचा गेला होता. शेवटी समोरच्या शाळेच्या बाईंनी सरांची पुस्तिका चाळली आणि चित्राखालची बारीक ओळ वाचून दाखवली. ही खेळाडू डावखुरी आहे, उजव्यांनी सर्व उलट करावे. परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर बघत बसले. शिट्टी तोंडात होती, पण वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. "आजपासून उजवा." नऊ जणींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही उजवा हात फिरवला. गोळा माझ्याच पायाशी पडला आणि मला रडू आलं. आता आत्याला कोणतं पुस्तक दाखवणार?

सर जवळ आले आणि त्यांनी तोंडातली शिट्टी काढली. त्यांचा साधा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, फार हळू होता. "तुले नाही सांगितलं मी. चूक माही होती, तुही नाही." मग त्यांनी पुस्तिकेतून ते पान फाडलं, खालची ओळ कात्रीने जपून कापून टाकली आणि उरलेलं चित्र माझ्या हातात ठेवलं. "आत्याले म्हण, पुस्तकात हायेच."

आत्या गेली, सरही गेले. ते पान माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. त्याची खालची कड थोडी तिरकी आहे, कारण ती कात्रीही सरांनी डाव्या हातात धरली होती. हे सगळं मी उजव्या हाताने लिहिलं, तो आत्याचा. डावा सरांचा. त्याला आता काही काम नसतं, पण सरांची आठवण आली की तो मांडीजवळ आपोआप थोडासा फिरतो.