चार नंबरच्या पानावरची मुलगी

रविवार, दिवाळीच्या सुट्टीतला, साल १९९८. जागा: आदिलाबादेत बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासची माडी. हजर: आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष (बेला गावाकडचे कापूसवाले शेतकरी), उपाध्यक्ष (तहसिलीतून निवृत्त झालेले कारकून), क्लासचा मालक (ज्याने मंडळाची वेबसाइट बनवली होती) आणि मी, चिटणीस. न बोलावता हजर: उपाध्यक्षांची मुलगी, बेल्याच्या शाळेत शिक्षिका. बैठक तिच्यावरूनच होती, म्हणून तिला बोलावलं नव्हतं.

वेबसाइट करायचं ठरलं त्या उन्हाळ्यात मी साध्या सूचना मांडल्या होत्या. पानावर जे आहे तेच पानाचं शीर्षक असावं. ज्या शब्दांवर टिचकी मारायची, त्यावरून पुढे काय उघडेल ते कळावं. आणि प्रत्येक मुलीच्या पानाचा पत्ता तिच्या नावाचा असावा, एकदा दिला की बदलू नये. स्वयंपाकघरातल्या डब्यांना आपण हेच करतो. तिन्ही सूचना ऐकून घेतल्या गेल्या, चहा झाला आणि तिन्ही फेटाळल्या गेल्या.

शीर्षकात अध्यक्षांना स्वतःचं नाव हवं होतं, प्रत्येक पानाच्या. "उघडलं की समजलं पायजे, मंडळ कोनाचं हाय." त्यामुळे कोणी चार-पाच मुली पाहायला उघडल्या की पडद्याच्या तळाशी, उघड्या पानांच्या पट्टीत, चार-पाच अध्यक्ष ओळीने उभे राहत. लग्नाचं त्यातल्या एकाचंही वय नव्हतं.

पहिल्या पानावर एकाखाली एक ओळी होत्या आणि सगळ्या एकच: 'इथे टिचकी मारा'. एक मुलींकडे नेई, एक मुलांकडे, एक अध्यक्षांच्या मनोगताकडे. कोणती कुठे जाते ते गेल्यावरच कळे. बहुतेक पालक मनोगतात जाऊन पडत आणि तिथून परतायला वाट नव्हती.

मुलींच्या नावांना विरोध होता तो उपाध्यक्षांचा. "पोरीचं नाव असं वेशीवर काऊन टांगाचं? अमेरिकेतला मानूसबी वाचते." तेव्हा मुलींना नंबर दिले. एक, दोन, तीन.

नंबरही चालले असते, पण पावसाळ्यात दोन नंबरच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिचं पान काढलं. क्लासवाला तेलुगू मनुष्य, आमच्याशी हिंदीत बोले. तो म्हणाला, "साब, नंबर खाली रहने दो. लोग लिख के रखते हैं."

अध्यक्षांची आख्खी हयात लग्नांच्या पंगती उठवण्या-बसवण्यात गेलेली. ते म्हणाले, "पंगतीत मधातली पत्रावळ खाली ठेवते का कोनी? सरका मनाव पुढं."

मुली पुढे सरकल्या. तीनची दोन झाली, पाचची चार. पाच म्हणजे आमची शिक्षिका.

यवतमाळकडच्या एका कुटुंबाने आधीच कागदावर टिपून ठेवलं होतं: चार नंबर, घरकामाची आवड, नोकरी करणार नाही. त्यांनी पत्र टाकलं, चार नंबरची मुलगी पाहायला कधी येऊ? अध्यक्षांनी नवी चार नंबर पाहिली आणि उपाध्यक्षांच्या घरी निरोप धाडला. पाहुणे आले, पोहे झाले, आणि मुलाच्या आईने विचारलं, "राजीनामा कधी देता मंग?"

"कशाचा?"

"नोकरीचा. नोकरी कराची नाही असं तुमीच लिवलं ना!"

शिक्षिकेची आधीची सगळी स्थळं याच प्रश्नावर मोडली होती. नोकरी सोडायची नाही हे ज्याला घरातून निघण्याआधी माहीत आहे, असा माणूस यावा, एवढंच तिला वेबसाइटकडून हवं होतं. ती म्हणाली, "मावशी, पोहे खाऊन घ्या. तुमची सून तीन नंबरवर सरकली."

गावात मात्र बोभाटा झाला तो असा, की उपाध्यक्षांच्या मुलीने पाहुण्यांचा अपमान केला. म्हणून ही बैठक.

"गलती कोनाचीच नाही," अध्यक्षांनी सुरुवातीलाच निकाल दिला.

"मंग माझं पान माझ्या नावानं करा," ती म्हणाली. "पत्ता माझ्या नावाचा, शीर्षक माझ्या नावाचं, आनि पहिली ओळ: नोकरी सोडणार नाही. मी कोनाच्या जागेवर सरकणार नाही."

"लोक काय मनतीन?" उपाध्यक्ष.

"बाबा, नंबर टाकून तुमी नाव झाकलं. आता लोक काय मनून राह्यले, ते ऐकलं ना?"

 अध्यक्षांनी तोडगा काढला: नावाचं पान करा, पण पहिल्या पानावरून तिकडे जायचा दुवा द्यायचा नाही. घर बांधायची परवानगी आणि रस्त्याला मनाई. ठराव मी लिहिला. उपाध्यक्षांनी सही केली, लहान अक्षरात.

"चालन," ती म्हणाली. "रस्ता मी दाखवते."

तिने पानाचा पत्ता पाठच केला. छोटा होता, नावाचाच होता, एसटीडी बूथवरून सांगता येत होता. मावशा, मैत्रिणी, बदली होऊन गेलेल्या बाई, सगळ्यांना दिला. फिरत फिरत तो बेल्लमपल्लीच्या खाणीतल्या एका सर्व्हेअरपर्यंत पोचला. त्याने मंचेरियलला एका ओळखीच्याच्या ऑफिसात ते पान वाचलं आणि वाचून आला. पोहे यायच्या आधीच त्याने विचारलं, "बेल्याहून तिकडे बदली होते का, का दर शनिवारी मीच गाडी पकडू?" उपाध्यक्षांनी त्या दिवशी दोन बशा पोहे खाल्ले.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. पंगत अध्यक्षांनी उठवली आणि दुसऱ्याच दिवशी पहिल्या पानावर लाल, लुकलुकणारी ओळ आली: 'मंडळाने जुळवलेला आदर्श विवाह: इथे टिचकी मारा.' ती ओळ त्यांनी स्वतः सांगून घातली आणि दुवा दिला चार नंबरला, कारण त्यांच्या डोक्यात ती मुलगी चार नंबरचीच होती.

शिक्षिका नावाच्या पानावर गेल्यावर मुली पुन्हा पुढे सरकल्या होत्या; चार नंबरवर आता उटनूरकडची एक मुलगी आहे. बाकीच्यांना नावं कशाला, असं ठरलं होतं. कोणी मागितली नव्हती. दिवाळीच्या सुमारास तिच्या वडिलांचा मला फोन आला. "ताई, लोक माह्या पोरीच्या लग्नाचे पेढे मांगून राह्यले. एक स्थळ येत होतं, तेबी परत गेलं. काऊन?"

मी तेव्हाच क्लासवाल्याकडे गेले. तो म्हणाला, अध्यक्षांनी सांगितल्याशिवाय हात लावत नाही. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ, आता कापसाची वेचणी चालू आहे. वेचणी संपून कापूस बाजारात गेला, बैठक झाली नाही.

माझ्या यादीत वरून पहिलं काम तेच आहे: लाल ओळीतला दुवा बदलणे, शिक्षिकेच्या नावाच्या पानावर नेणे, आणि उटनूरच्या मुलीला तिचं नाव देणे. शेरा: बाकी.