रविवारची किक

मुरबाडहून जीप दारात आली, तेव्हा माझी बॅग ओट्यावर होती आणि मी मागच्या पडवीत माझ्या मोटारसायकलपाशी बसलो होतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मला शारजाची नोकरी लागली होती. हात पुसत बाबांना सांगितलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढलंय, प्लगच्या भोकात तेल सोडलंय, वर ताडपत्री बांधलीय. मी येईपर्यंत हात लावायचा नाही.

बाबा म्हणाले, "बैल बांधून ठेवला तं आखडतो रे मन्या."

"पोरगा चाललाय आन तुमचं बैलाचं काय," आई म्हणाली.

गाडी दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. म्हसा गावाच्या अलीकडच्या आमच्या गावात तिचा आवाज येण्याआधीच कुत्री उठत. माळशेज घाटाच्या चढाला ती ज्या सहजतेने ओढायची, ते आता सांगितलं तर माझा मुलगा मोबाइलवरून मान वर करत नाही. तिचं सगळं काम मी त्याच पडवीत, भाताच्या कणग्यांशेजारी गोणपाट अंथरून शिकलो.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना सुट्टीतली कामं ठाऊक आहेत. बँक, दाताचा डॉक्टर, चुकलेल्या लग्नांच्या घरी भेटी. माझ्या यादीत सगळ्यात वर गाडी असायची. शारजात एसी प्लँटच्या मेंटेनन्सला होतो. वर्षभर चेकलिस्ट घेऊन मशिनं तपासायची आणि घरी येऊन पुन्हा पाना हातात घ्यायचा. कारण बाबा दर रविवारी ताडपत्री सोडत, गाडी चालू करत, चिलीम संपेपर्यंत तशीच उभ्याउभ्या चालू ठेवत आणि बंद करत. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल टाकीत जास्तच ओतत. "पोटात तेल पडलं तं सांधे धरत नाय." बैलगाडीच्या आसाला आयुष्यभर वंगण घातलेल्या माणसाला, जास्त तेलाने काही बिघडतं हे पटणार कसं?

बिघडायचं मात्र दर वर्षी. प्लग काळे ठिक्कर, सायलेन्सर काजळीने तुंबलेले. आतल्या नळ्या काढून मी परसातल्या चुलीत लाल होईपर्यंत जाळायचो. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "मुंबईचं लोक सुट्टीला येऊन आंबं खातात." फोनवर सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. बाबा ऐकून घ्यायचे आणि रविवारी किक मारायचे.

मग एका वर्षी घरी पोचलो, तर बाबा लंगडत पुढे आले.

"पायाला काय झालं?"

"काय नाय. बैलानं लाथ मारली."

"बैल इकून चार वरसं झाली," आई आतून म्हणाली. "पडवीतल्यानं मारलीय."

किक उलटली होती. नडगी काळीनिळी, घोटा सुजलेला. हाड वाचलं, पुढच्या वेळी वाचेलच असं नव्हतं. मी त्याच दिवशी शहापूरच्या एका माणसाला बोलावलं. तो अशा जुन्या गाड्या घ्यायचा. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून इंजिनाला हात लावला. "माल टाइट हाय, दादा. उद्या टेम्पो आणतो."

बाबा जेवून ओट्यावर आडवे झाले. आई भांडी घासता घासता म्हणाली, "रविवारी आवाज झाला का आळीतलं ईचारतात, मन्या आला काय? हे सांगतात, यायचा हाय, म्हणून तं चालू ठेवलीय. आता काय सांगतील?"

मी पडवीत गेलो आणि इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं. ठिणगी जितकी लवकर पडेल तितकी गाडीला ओढ जास्त. पण किक अर्धी बसली तर लवकर पडलेली ठिणगी इंजिन उलटं फिरवते आणि लाथ पायावर येते. तरुणपणी मी ती धोका पत्करून लवकर ठेवली होती. आता ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट ढिली करून मागे फिरवली. हेडखाली एकाऐवजी दोन गॅस्केटं टाकली, म्हणजे दाब कमी, किक हलकी. हातानेच किक दाबून पाहिली. माळशेज आता ती दमत चढली असती, पण चढणार होतं कोण?

बाबा कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. "काय केलंस?"

"माणसाळवली. मारा किक. अर्धी नको, पूर्ण खाली."

ते आधी सुजलेल्या पायाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "तूच मार. पाय बरा झाला का मंग मी मारीन." मी मारली. ती चालू झाली. आवाजातली धार गेली होती. बाबांच्याही लक्षात आलं असणार; त्यांनी चिलीम पेटवली. सकाळी टेम्पोवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

त्याला बरीच वर्षं झाली. मुलाची शाळा, बायकोची नोकरी, फ्लॅटचे हप्ते, सगळं इकडे शारजात आहे. परत जायचं म्हणून जी वर्षं मनात धरली होती, ती एकेक करून गेली. थकायला होतं, एवढंच. इकडे शुक्रवारी सुट्टी, रविवारी ड्यूटी. प्लँटरूममध्ये असताना कधी बाबांचा फोन येतो, आणि पलीकडून आधी कुणी बोलतच नाही. नुसती गाडी चालू असते. माझ्यासाठी घर म्हणजे आता तेवढंच. मी दुसऱ्या कानात बोट घालून प्लँटचा आवाज बाहेर ठेवतो आणि गाडी थांबेपर्यंत ऐकतो.