तेज गाडीचे नारायण मिस्त्री

नारायण मिस्त्रींना कोणी नवा माणूस भेटला की ते त्याचं नावगाव नंतर विचारायचे. आधी दोन पावलं मागं सरायचे, डोळे बारीक करून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि शेजारच्याला, पण त्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं, सांगायचे, "सादा हाय," नाहीतर, "चांदणीचा हाय." मानवतच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी भांडारावर कारकून होतो, आणि जुन्या ओळखीचा असूनही एकदा माझीही अशी तपासणी झाली. निकाल 'सादा' असा लागला. माझं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी वर समजूत घातली, "वाईट वाटून घिऊ नगा मुन्शीजी. सादी गाडी बी जातीच की. उशिरा पोचती, इतकंच."

हे चांदणीचं प्रकरण सांगितल्याशिवाय मिस्त्री कळायचे नाहीत. मुंबईहून एकदा जिनाचे पट्टे आणि बेअरिंगं घेऊन एक खोकं आलं. त्यात कोणाच्या तरी चुकीनं एका विलायती मोटारीच्या सुट्या भागांचं पुस्तक येऊन पडलं होतं. मोटार दोन माणसांची, उघडी, लांब नाकाची, पळण्यासाठीच केलेली. तिचे दोन प्रकार निघत, एक सादा आणि एक तेज. बाहेरून दोघी सारख्याच. पुस्तकात दोघींचं सामान एकत्र छापलेलं होतं आणि जो भाग फक्त तेज गाडीचा, त्याच्यापुढं एक बारीक चांदणी होती. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं आणि मला येतं असा माझा समज होता. दुपारी भाकरी खाऊन झाली की सरकीच्या ढिगाला टेकून मी वाचायचो आणि मिस्त्री चित्रावर बोट ठेवून ऐकायचे. मी अडखळलो की चित्र पाहून अर्थ तेच सांगायचे. दोन पावसाळ्यांत पुस्तक त्यांना पाठ झालं. मला मात्र अजून वाचूनच सांगावं लागे.

मिस्त्री मूळचे पेडगावचे, शेतकऱ्याच्या घरचे. मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकून कणा कुठं झिजलाय ते सांगायचे, म्हणून कोणीतरी त्यांना जिनात आणलं. तिथल्या इंजिनावर त्यांचा हात असा बसला होता की शेजारच्या गावांतल्या जिनांतूनही त्यांना बोलावणी यायची. पण जीव त्या न पाहिलेल्या मोटारीत. कोणीही नवखा सापडला की ते सुरू व्हायचे.

"सादीला कार्बुरेटर एक, तेजला जुळे. सादी एका नाकपुडीनं दम घेती, ही दोन्हींनी. व्हॉल्वच्या स्प्रिंगा सादीला एकेरी, तेजला दुहेरी, एकीच्या पोटात एक. इंजिनाचं डोकं सादीचं बिडाचं, हिचं अल्युमिनचं, आन त्यात जागा कमी ठिवल्याली. म्हंजी वाफ जास्ती दाबली जाती, जोर जास्ती लागतो. खालचं तेलाचं तसराळं मोठं, त्याला पट्ट्या काढल्याल्या, वारं लागून तेल थंड ऱ्हावं म्हनून. मागच्या धुऱ्यातले दाते येगळे."

इथं ते थांबायचे, तंबाखू चोळायचे आणि नवखा उठायच्या बेतात आला की म्हणायचे, "आन ब्रेक. सादीचे डबे नऊ इंची, तेजचे बारा. पळायचं सामान पैल्या पानावर छापत्यात मुन्शीजी, थांबायचं शेवटच्या. पळनाऱ्यानं शेवटचं पान आधी वाचावं."

ही विद्या त्यांनी मोटारीपुरती ठेवली असती तर लोक सुखी झाले असते. पण त्यांनी गावातली माणसं, जनावरं, सोयरिकी सगळं त्या पुस्तकात बसवलं. कोणी मुलगा पाहून आला की विचारणार, "बॉडी राहू द्या, आतलं सामान बघितलं का?" स्वतःच्या बायकोबद्दल म्हणायचे, "आमची कारभारीन चांदणीची हाय. ब्रेक सोडून समदं तेज." हे त्यांनी एकदा त्या माउलीसमोरच म्हटलं. त्यानंतर आठवडाभर त्यांच्या डब्यात भाकरीबरोबर नुसतं मीठ येत होतं आणि ते मुकाट्यानं खात होते.

परीक्षा चुकायची नाही असंही नव्हतं. ताडकळसच्या बाजारात एक बैल त्यांनी खुरांपासून वशिंडापर्यंत तपासला. विकणारा वैतागून म्हणाला, "ओ पाव्हणं, बैल घ्यायलाव का मोटार?" मिस्त्रींनी 'चांदणीचा' म्हणून निकाल दिला आणि बैल घेतला. पेडगावच्या वाटेवर तो बैल ओढ्याच्या मधोमध जो बसला तो दिवस कलल्यावरच उठला. मिस्त्री तितका वेळ काठावर बसून होते. नंतर मला म्हणाले, "शिंगं लय देखणी होती. शिंगांनी घात केला." शिकायचं ते त्याच दिवशी शिकले असते तर पुढचं टळलं असतं.

पुस्तक येऊन सहाएक वर्षं झाली असतील. निजामाचं राज्य होतं, दुसरी मोठी लढाई अजून लांब होती आणि कापसाला बरे दिवस होते. आमच्या जिनाच्या शेटजींनी हैदराबादेत कोणा ओळखीच्याकडून एक जुनी मोटार घेतली. ती नेमकी तीच, पुस्तकातली. मालगाडीनं मानवत रोड स्टेशनावर आली तेव्हा अर्धं गाव तिथं हजर होतं. शेटजी फेटा बांधून उभे होते. त्यांच्याशेजारी त्यांचे जुने स्नेही आणि तितकेच जुने प्रतिस्पर्धी, एक जहागीरदारसाहेब. त्यांच्याकडं स्वतःची मोटार असल्यामुळं ते जरा कंटाळल्यासारखा चेहरा करून होते.

गाडी खाली उतरली. मिस्त्री पुढं झाले, पण हात लावेनात. नुसते बघत राहिले. मग रेडिएटरवरच्या छोट्या पितळी पाटीकडं बोट दाखवून मला म्हणाले, "मुन्शीजी, काय लिवलंय?" मी अक्षरं लावली. पुस्तकात तेज गाडीचं जे नाव होतं तेच होतं. मी मोठ्यानं वाचलं. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी इंग्रजी कधी वाचलं नव्हतं.

मिस्त्रींनी हात वर केले आणि ओरडले, "तेज हाय! चांदणीची हाय! अख्ख्या परभणी जिल्ह्यात अशी दुसरी न्हाई!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेटजींची छाती फुगली. त्या भरात ते जहागीरदारांना म्हणाले, "दसऱ्याला सीमोल्लंघन मोटारीनं करू. तुमची आणि आमची. जिनाच्या दारापासून रेल्वे फाटकापर्यंत. होऊन जाऊ द्या." जहागीरदार हसून "कबूल" म्हणाले. दसरा आठवड्यावर आला होता.

आमच्या जिनात खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. मिस्त्रींचा एक नेम होता. यंत्राला कुंकू बाहेरून लावायचं नाही. "पावन्याला दारातच गंध लावून वाटं लावत्यात का?" म्हणायचे, आणि झाकण उघडून आतल्या मुख्य भागाला बोट टेकवायचे. गाडी आल्यापासून शेटजींनी ती गाठींच्या कोठारात झाकून ठेवली होती, कोणाला शिवू देत नव्हते. त्या दिवशी दुपारी किल्ली मिळाली. मिस्त्री आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. मी तबक धरलं होतं. त्यांनी झाकण उचललं आणि कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं.

कार्बुरेटर एकच होता.

ते वाकून पाहू लागले. डोकं बिडाचं. तसराळं लहान, गुळगुळीत. मग ते चाकाशी बसले आणि तारांमधून ब्रेकच्या डब्यावर वीत ठेवली. मी विचारलं, "काय झालं मिस्त्री?"

"सादी हाय," ते म्हणाले. "कोनीतरी तेजची पाटी बसवलीया. मुन्शीजी, ह्यो डबा तारांतून समद्यांना दिसायलाय. स्टेशनावर बी दिसत होता. मी पाटी बघायलो होतो."

मला हसू आलं होतं हे कबूल करतो. सहा वर्षं ज्यानं मला 'सादा' ठरवलं तो पाटीला फसला, याची मौज वाटली. पण त्यांचा चेहरा पाहून मी हसू गिळलं. फाटकाच्या अलीकडं रस्ता चांगला उतरता होता. खाली दसऱ्याचं सोनं लुटायला येणारी माणसं, लेकरं, कापसाच्या गाड्या, सगळी दाटी. जहागीरदारांच्या पुढं निघायचं म्हणून शेटजी उतारावर गाडी सोडणार, हे दोघांनाही दिसत होतं. "सादी बी उतारावर पळती," मिस्त्री म्हणाले. "ह्या डब्यांवर थांबायची न्हाई."

ते तसेच शेटजींकडं गेले. मीही गेलो. मिस्त्रींनी काही लपवलं नाही. "शेटजी, माझी चूक झाली. गाडी सादी हाय. उद्या पळवू नगा." शेटजी आधी खेकसले, मग खालच्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, स्टेशनावर सगळ्यांदेखत तूच बोंबललास ना? आता मी जहागीरदाराला काय सांगू, मला फसवलं म्हणून? इज्जत राहील माझी? पाटी आहे ना गाडीवर? बस्स. उद्या गाडी जाणार."

दसऱ्याच्या सकाळी गाडी जिनाच्या दारात आणली ती ढकलत. ती सुरूच होईना. शेटजी घामाघूम झाले. जहागीरदार आपल्या गाडीत बसून मिशीला पीळ देत होते. "मिस्त्रीला बोलवा!" असा गलका झाला. नारायण मिस्त्री आले, झाकण उघडलं, इकडं हात घातला, तिकडं घातला, आणि कपाळाचा घाम पुसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काल पूजेला उघडली तवा माझ्याच हातनं कायतरी बिघडलं. गाडी तेज हाय, पर मला कळंना. आमी जिनातली मानसं. इतकी तेज मोटार आमच्या अकलेबाहीर."

मग कोणीतरी हसलं आणि सगळेच हसले. "बारा इंची ब्रेक कुठं गेले रे मिस्त्री?" "अरे, मिस्त्रीलाच चांदणी न्हाई!" जहागीरदारही मनसोक्त हसले आणि म्हणाले, "शेटजी, गाड़ी आपकी अव्वल, मिस्त्री अनाड़ी. आइए, हमारी गाडीत बसा." शेटजी बसले. दोघं मिळून सावकाश सीमेवर गेले. इज्जत शाबूत राहिली, फाटकापाशी एका कोंबडीलासुद्धा धक्का लागला नाही.

संध्याकाळी मिस्त्री भांडारात आले. सगळीकडं आपट्याची पानं पडली होती. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बोटाएवढा एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. ठिणगी चारी नळकांड्यांना वाटून देणाऱ्या डबीतला फिरता तुकडा. तो नसला तर मोटार जन्मात सुरू व्हायची नाही. "सकाळी जाऊन बसवा," म्हणाले. "बसवायचा कसा ते तुमीच मला वाचून दावलंया." मग माझ्याकडून वचन घेतलं, की हे कोणाला सांगायचं नाही.

मी म्हटलं, "पण मिस्त्री, तुमचं नाव?"

"नाव स्टेशनावर म्याच बुडवलं, मुन्शीजी. बोंबललो म्या, मग निस्तराया शेटजी कामून?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो तुकडा बसवला. शेटजींनी परभणीहून बोलावलेल्या ड्रायव्हरनं हॅन्डल मारलं आणि गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. झालं. नारायण मिस्त्रींना दिवसभर जे जमलं नाही ते एका पोरसवदा ड्रायव्हरनं चुटकीसरशी केलं, ही गोष्ट पार ताडकळसपर्यंत पोचली. शेजारच्या जिनांतून येणारी बोलावणी थांबली. आमच्या जिनातही इंजिन जरा खोकलं की कोणीतरी म्हणे, "त्या ड्रायव्हरला बोलवा." शेटजींनी मिस्त्रींना काढलं नाही. ते त्यांना एक शब्दही बोलले नाहीत, आणि ती मोटार त्यांनी पुढं कधीही पळवली नाही. बैलगाडीला वाट द्यायचे. मला वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं. पण कळलं असं म्हणायची सोय त्यांनाही नव्हती.

दिवाळीनंतर मिस्त्री पेडगावला परत निघाले. मी स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. मी म्हणालो, मी सांगून टाकतो सगळं, लोकांना कळू दे. ते माझ्यावर इतके चिडले की पहिल्यांदाच मला 'मुन्शी' असं नुसतं म्हणाले. "मुन्शी, शपत हाय तुला. शेटजीला रोज त्या लोकांत बसायचंय. मला न्हाई. पेडगावात मोटार कोन इचारतंय मला?" गाडी आली. ते चढले आणि खिडकीतून इंजिनाकडंच बघत राहिले, माझ्याकडं नाही.

मी शपथ पाळली. ती पाळण्यात माझी सोयही होती, शेटजींच्या नोकरीत होतो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

निजामाचं राज्य संपायच्या आधीच्या उन्हाळ्यात पेडगावचा एक माणूस धान्याची गाडी घेऊन मानवतला आला. नारायण मिस्त्री गेल्याचं त्यानं चहाच्या हॉटेलात सांगितलं. शेटजी त्याआधी दोन वर्षं वारले होते, मोटार कुठं विकली गेली कोणाला ठाऊक नव्हतं. हॉटेलात जिनातली जुनी माणसं होती. एक जण म्हणाला, "म्हंजी तोच ना, ज्याला शेटजीची मोटार सुरू करता आली न्हाई?" सगळे हसले. वाईट हसले नाहीत, मेलेल्या माणसाबद्दल हसतात तसंच, मायेनं.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. एक कार्बुरेटर, बिडाचं डोकं, नऊ इंची डबे, खिशातला तुकडा. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांतला सगळ्यांत वयस्क माणूस माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बसा मुन्शीजी. तुमची लय दोस्ती होती, तुमाला असं वाटनारच. पर गाडी तेजच होती. आमी पाटी बघितली हाय. तुमीच तर वाचली."

मी बसलो. मिस्त्री तिथं असते तर त्यांनीही माझ्याविरुद्ध साक्ष दिली असती.