विहिरीचा दोर आणि पायडलची पाणबुडी

आमचा जिल्हा तुटला, मुधोळ नव्या निर्मळ जिल्ह्यात गेलं आणि आमचं बोथ जुन्यातच राहिलं, त्या वर्षीची गोष्ट. आम्ही कॉलेजातली काही पोरं पायडल मारून चालणारी पाणबुडी तयार करत होतो. तिच्या आत पाणी भरलेलंच असायचं. चालवणाऱ्याने पालथं झोपायचं, पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडातल्या नळीने घ्यायची आणि पायडल मारायचं, म्हणजे मागचा पंखा फिरायचा. चाचणी बोथजवळच्या आमच्या गावच्या तलावात ठरली, आणि आत मी जाणार होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ही संधी हातची जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

बाबा विहिरीचा दोर घेऊन आले. आमच्याकडे विहिरीतला गाळ काढायला कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी उतरत नाही.

"काका, पंख्यात गुंतला म्हणजे?" आमचा मुधोळचा म्होरक्या म्हणाला.

"तुमी आता परजिल्ह्याचे. पाहुण्यावानी ऱ्हा," बाबा हसले, पण दोर सोडेनात. "बिनदोराचा मी त्याले उतरू देत नाई."

शेवटी माझ्या कमरेला बांधून मागच्या फटीतून बाहेर काढला; दुसरं टोक काठावर बाबांच्या हातात.

जाताना ठीक होतं. वळल्यावर चुकलं. विहिरीत दोर सरळ खाली येतो. इथे मी काठाकडे परतू लागलो तसा तो सैल पडला आणि पंख्याने ओढून घेतला. पायडल अडकलं. कमरेला हिसका बसून मी मागे खेचला गेलो. बाहेर पडायच्या झाकणापर्यंत हात पोचेना. गढूळ पाण्यात वरच्यांना काही दिसत नसणार. बाबा घाबरून दोर ओढत होते, आणि प्रत्येक ओढीला तो पंख्यावर अजून आवळत होता. हवा संपत आली असावी, निदान मला तसं वाटलं.

विहिरीत उतरणाऱ्याची खूण ठरलेली: दोराला एक झटका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ. पायडल पंख्याला थेट जोडलेलं होतं. दोराला एक झटका बसावा म्हणून सगळा जोर लावून मी ते एकदाच पुढे रेटलं आणि थांबलो. त्यांना कळलं नाही तर?

दोर ढिला झाला. मी उलटं पायडल मारत राहिलो. एकेक वेढा सुटला, तसा झाकण ढकलून वर आलो.

"सोडला काऊन, काका? आमी ओढा ओढा म्हणून राह्यलो होतो," म्होरक्याचा आवाज बसला होता.

"तो सोड म्हणला ना."

बाबांचे तळहात सोलले होते. मी चाचरतच सांगितलं, की मला उद्या पुन्हा आत जायचं आहे, आणि दोर नको.

ते ओला दोर गुंडाळू लागले. म्हणाले, "मंग काठावर मी काय करू?"