निळ्या रंगाखालचं गाव

फ्रेमचं दुकान टाकलं की लोकांचे फोटो त्यांच्या भिंतीवर जातात आणि किस्से आपल्याकडे राहतात. नाशकात द्वारका चौकाजवळच्या माझ्या दुकानात तर जुन्या नकाशांचे नादिष्ट जमतात. म्होरके दाणी सर, भूगोलाचे निवृत्त मास्तर. दुसरे आप्पा. आप्पांचं गाव त्यांच्या लहानपणीच धरणात गेलं. नव्या नकाशात तिथं नुसता निळा रंग. गावाचं नाव छापलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा.

एका डॉक्टरांनी परदेशातून कंपनी सरकारच्या काळातला, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला हिंदुस्थानचा नकाशा आणला. माझ्याकडे आले ते लॅमिनेट करून!

"आता शंभर वर्षं ह्याला काही होत नाही," डॉक्टर खुशीत.

दाणी सर म्हणाले, "व्हायचं ते झालंय."

आप्पांनी तरी भिंग लावलं. पण एका कागदावर अख्खा हिंदुस्थान, त्यात नाशिकच कसंबसं मावलेलं. मला त्या कागदाचं अजून वाईट वाटतं. डॉक्टरांचं नाही वाटत.

मग मालेगावचे दोन भाऊ. वाटणीत आजोबांचा नकाशा निघाला, तो ह्यांनी मधोमध कापला. डोंगर थोरल्याला, गिरणा धाकट्याला! दोन वेगळ्या फ्रेम हव्या होत्या. मी म्हटलं, जोडून एकच करू, सांधा दिसणार नाही. दोघं जरा घुटमळले.

थोरला म्हणाला, "एक केली तर लावायची कोणाच्या घरात?"

केल्या दोन. इतकं जिवावर येऊन मी दुसरं काम केलेलं नाही.

एकदा दाणी सर आम्हाला हरसूलकडच्या एका डोंगरावर घेऊन गेले. पहिल्या मोजणीच्या साहेबांनी माथ्यामाथ्यावर दगड रचून खुणा केल्या आणि दुर्बिणीनं कोन घेत देश मोजत नेला. वर खूण सापडली, पण शेंदूर फासलेली, पुढं नारळ. तिथं बसलेल्या म्हाताऱ्याला सर इंग्रजांची मोजणी समजावायला लागले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"असंल. साहेब गेला, देव हाय. चपला काढा."

देव न मानणाऱ्या सरांनी मुकाट काढल्या.

गेल्या उन्हाळ्यात मात्र निरोप आला. धरणानंतर आप्पांच्या गावची माणसं जिथं वसवली, तिथं एका मावशींच्या घरी चावडीतला जुना नकाशा आहे, गाव उठताना काढून आणलेला. आप्पांचे वडील तेव्हा थेट नाशकात आले, म्हणून ह्यांना पत्ताच नव्हता. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

नकाशा भिंतीवर होता, काच नव्हती. नदीचं वळण होतं, वरचं गाव होतं, खालचं गाव होतं. मधे आप्पांच्या गावाच्या जागी कागद पांढरा पडलेला. एक अक्षर नाही.

मावशी ओशाळल्या. "आपलं गाव इथं व्हतं म्हणून जो तो पोरांना बोट ठिवून दाखवायचा. घासून घासून गेलं बघा."

आम्हाला उशीर झाला होता, आणि त्याची चीड कोणावर काढावी तेही कळेना. दाणी सर चष्मा पुसत राहिले. आप्पा नकाशाच्या अगदी जवळ गेले.

मग त्यांनी मावशींना विचारलं, "मी ठेवू का बोट?"