डबा लासलगावला राहिला

मुलींच्या खोलीचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. तरी गोजराबाई रोज सकाळी त्या उघड्या दारावर बोटांनी टकटक करायच्या आणि विचारायच्या, "येऊ का आत?" आतून कुणीतरी "या" म्हणेपर्यंत त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या. एका हातात खोबरेल तेलाची बाटली, दुसऱ्यात बारीक दातांची फणी. मुली कधीकधी मुद्दाम गप्प बसायच्या. मग गोजराबाई म्हणायच्या, "बरं, नका बोलू. तेल घेऊन परत जाते. डोक्यात उवांची जत्रा भरू द्या." आत हशा पिकायचा आणि दहाबारा गळ्यांतून एकदम "या" उमटायचं.

नाशिकमधल्या त्या मुलींच्या बालगृहात त्या काळजीवाहक होत्या. मुली त्यांना गोजरामावशी म्हणत. मखमलाबादच्या फुलशेती करणाऱ्या घरातल्या. नवरा लवकर गेला, मुलगा लहान होता, म्हणून ही नोकरी धरली. झेंडूच्या तोडीचे दिवस आले की पहाटे शेतात आणि मग बालगृहात, अशी त्यांची धावपळ असायची. त्यांच्या बोटांना झेंडूचा उग्र वास यायचा. खोबरेल तेलानेही तो जायचा नाही.

नव्याने आलेल्या अधीक्षिका सुवर्णा मॅडम यांनी एकदा त्यांना विचारलं होतं, "गोजराबाई, दार उघडं असताना वाजवता कशाला?"

"ह्या पोरींना दुसरं घर नाय मॅडम. मग ह्यालाच घर म्हणायचं, तर विचारून आत जायला नको?"

मॅडम हसल्या. पण दुसऱ्या दिवशीपासून त्याही दाराशी थांबू लागल्या.

त्या वर्षी, म्हणजे १९९७ साली, ज्योत्स्ना दहा वर्षांची होती. सुरगाण्याकडच्या डोंगरातलं तिचं घर. आई तापाने गेली. बाप द्राक्षाच्या बागांत मजुरीला गेला, तो परत आला नाही. ज्योत्स्ना आणि तिचा धाकटा भाऊ दत्तू एकाच दिवशी बालगृहात आले होते. लहान मुलगा म्हणून दत्तूला बहिणीजवळ राहू दिलं होतं. पण सातवं वर्ष लागलं की मुलाला मुलींच्या बालगृहात ठेवता येत नाही, असा नियम. जूनमध्ये त्याला मनमाडच्या मुलांच्या बालगृहात हलवलं.

ज्योत्स्ना रडली नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मॅडमनाही. शाळा, जेवण, झोप, सगळं ठीक चाललं होतं. मग श्रावणात तिच्या गादीला मुंग्या लागल्या.

गोजराबाईंनी उशी उचलली. खाली चिवड्याचा चुरा, अर्धी वडी, अर्धा पेढा, अर्धं बिस्किट. जे काही गोड मिळालं, त्याचा अर्धा भाग तिथे होता. काहीला बुरशी आलेली.

"कोणासाठी गं हे?"

"दत्तूला आवडतं."

गोजराबाईंनी ती उशी उन्हात ठेवली आणि तशाच मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मॅडमचं मन वाईट नव्हतं. पण त्यांच्यावर मंडळ होतं. बालकल्याण मंडळावरच्या एका वकीलसाहेबांचं म्हणणं होतं की अशा भेटी झाल्या की मुलं आठवडाभर रडतात, जेवत नाहीत, नव्या जागी रुळत नाहीत. भेट नसली की विसरतात. मॅडम मंडळापुढे गेल्या, दोनदा गेल्या. शेवटी दिवाळीच्या तोंडावर परवानगी मिळाली. भाऊबीजेला एकदाच भेट, दिवे लागायच्या आत परत. मुलं शांत राहिली तर पुढचं पाहू. बिथरली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"समजलं ना गोजराबाई? एकदाच," मॅडम म्हणाल्या. "आणि रडारड नको."

"रडायला येळ कुठं हे? करंज्या करायच्यात."

त्या दोन दिवसांत बालगृह नुसतं खदखदत होतं. जाणार होती एकटी ज्योत्स्ना, पण करंज्या सगळ्यांनी केल्या. कुणी कातणं धरलं, कुणी सारण सांडलं. एकीने स्वतःच्या फ्रॉकची लेस काढून ज्योत्स्नाच्या फ्रॉकला शिवली, उलटी. गोजराबाईंनी घरून पितळी डबा आणला, झाकणाला कडी असलेला. लग्नात माहेराहून आलेला. त्यात करंज्या रचल्या, वर कागद घातला, कागदावर झेंडूचं एक फूल.

"फूल का मावशी?"

"डब्याला नटवायला."

भाऊबीजेच्या सकाळी दोघी नाशिकरोडहून पॅसेंजरने निघाल्या. ज्योत्स्ना खिडकीशी. निफाड गेलं, लासलगाव गेलं. प्रत्येक स्टेशनला ती विचारायची, "हे मनमाड?" आणि समोरचा एक म्हातारा प्रत्येक वेळी सांगायचा, "नाही गं बाई, मनमाडला गाडीच तुला सांगेल." मनमाडला गाडीने इतके रूळ ओलांडले, इतकी खडखडली की ज्योत्स्ना आपण होऊन उठून उभी राहिली.

मुलांचं बालगृह स्टेशनपासून फार लांब नव्हतं. दोघी जवळजवळ पळतच गेल्या. दारात स्वयंपाकीण तानुबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"दत्तूला भेटायचंय," गोजराबाई म्हणाल्या. "नाशिकहून आलो."

तानुबाईंचं सूप हातातच राहिलं. "अगं बया. तो तर तुमच्याकडंच निघालाय. रावजी घेऊन गेला त्याला, नाशकाच्या गाडीला."

गोजराबाईंना आधी कळेना. मग कळलं. मॅडमनी मनमाडला फोन करून कळवलं होतं, की भाऊबीजेची भेट मंजूर झाली. एवढंच. कुणी कुणाकडे जायचं हे कुणी बोललंच नव्हतं. मनमाडच्या बालगृहातले काळजीवाहक रावजी काका यांना विचारायची गरजच वाटली नाही. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो, यात विचारायचं काय? आणि गोजराबाईंना वाटलं, पोरगं लहान, आपणच जायचं.

"कधी गेला?"

"आत्ताच. आधी बाजारात गेला. पोराला ओवाळणी घ्यायची होती."

मग त्या धावल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात ज्योत्स्नाचं मनगट. फलाटावर पोचल्या तेव्हा नाशिककडच्या गाडीचा शेवटचा डबा सिग्नलपाशी लहान होत चालला होता.

ज्योत्स्नाने मनगट सोडवून घेतलं. "आता संपलं ना मावशी? एकदाच होतं ना?"

गोजराबाई तिला घेऊन तशाच स्टेशनच्या कचेरीकडे निघाल्या. मनमाडचे स्टेशन मास्तर खोलीत चहा पीत होते. त्या दाराशी थांबल्या. दार उघडं होतं. त्यांनी टकटक केली.

"येऊ का आत?"

मास्तरांनी वर पाहिलं. त्यांच्या खोलीत कुणी विचारून येत नसावं. "या की."

गोजराबाईंनी सगळं एका दमात सांगितलं. मास्तर ऐकत राहिले, मग खो खो हसायला लागले. हसता हसता चहा बशीत सांडला.

"हसताय काय साहेब," गोजराबाई म्हणाल्या. "पोरगी हितं मरायला लागलीय."

"हसू नको तर काय करू? भाऊ तिकडे निघाला, बहीण इकडे आली. मी सकाळपासून घरी गेलो नाही, माझी बहीण ताट घेऊन बसलीय, आणि तुमच्या घरात भाऊबीज दोनदा." पण बोलताबोलता त्यांनी फोनचं हँडल फिरवायला घेतलं होतं. "लासलगाव? हां, मनमाड बोलतोय. पॅसेंजर येतेय ना, त्यात एक माणूस आणि एक पोरगा. उतरवून घ्या. नाही, चोर नाही. भाऊ आहे."

मग ज्योत्स्नाकडे बघून म्हणाले, "नाव काय त्याचं?"

"दत्तू." ती घाईघाईने पुढे आली. "कान मोठे आहेत. आणि समोरचा दात नाही."

"कान मोठे, समोरचा दात नाही," मास्तर फोनमध्ये गंभीरपणे म्हणाले.

पुढची गाडी लागेपर्यंत ज्योत्स्ना एका जागी बसली नाही. गाडीत चढल्यावर तर ती दारातच उभी राहिली आणि गोजराबाईंनी तिच्या फ्रॉकची उलटी लेस मुठीत धरून ठेवली.

लासलगावच्या फलाटावर कांद्याच्या गोण्यांची थप्पी होती. बाजार दिवाळीला बंद, म्हणून तशीच पडलेली. त्या थप्पीवर रावजी काका बसले होते. त्यांच्या शेजारी मोठ्या मापाच्या शर्टात दत्तू.

ज्योत्स्ना उतरली आणि चार पावलांवर थांबली. तोही उतरला आणि थांबला.

"लय उशीर केला तू," दत्तू म्हणाला.

"मी? पळून तू गेलास."

"मी नाय. काकांनी नेलं."

"आता माझ्यावर ढकल," रावजी काका म्हणाले. "बाई, आमच्यात भाऊच जातो. तुमच्या मखमलाबादला उलटं आहे का?"

"उलटं नाय. आमच्यात पोरं लहान असतात तवा मोठी माणसं एकमेकांना विचारतात." गोजराबाई पदराने घाम पुसत होत्या. "जाऊ द्या. पाट कुठंय?"

पाट नव्हता. एक गोणी आडवी केली, तिच्यावर दत्तूला बसवलं. लासलगावचे पोर्टर, चहावाला, गाडी चुकलेली दोन माणसं, सगळे गोळा झाले. गोजराबाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून काढलेलं निरांजन वाऱ्याने विझायला लागलं, तर चहावाल्याने आपली टोपी आड धरली. ज्योत्स्नाने ओवाळलं. दत्तूने खिशातून ओवाळणी काढली. लाल रिबिन, लांबलचक. आणि मग त्याचं लक्ष तिच्या डोक्याकडे गेलं. बालगृहात उवांसाठी केस कानापर्यंत कापलेले.

"तुझी वेणी?"

"येईल परत," ज्योत्स्ना म्हणाली. तिने रिबिन मनगटाला गुंडाळली. गोजराबाईंनी त्या क्षणी काय ठरवलं ते ज्योत्स्नाला नंतर कळलं. त्या दिवसानंतर तिच्या केसांना कात्री लागली नाही. रोज फणी लागली.

करंज्या संपल्या. पोर्टरांनीही खाल्ल्या. मनमाडकडची गाडी आधी येणार होती. दत्तूचे ओठ थरथरायला लागले. ज्योत्स्नाचेही. वकीलसाहेबांचं म्हणणं आता खरं होणार, असं गोजराबाईंना वाटलं. त्यांनी रिकामा डबा उचलला, झाकण लावलं, कडी अडकवली आणि दत्तूच्या हातात दिला.

"हा ठेव तुझ्याकडं."

"कशाला?"

"कुणाचा डबा आपल्याकडं राहिला तर रिकामा परत द्यायचा नसतो. भरून आणून द्यायचा."

दत्तूने डबा छातीशी धरला. तो जवळजवळ त्याच्याएवढाच होता. "कशानं भरू?"

"ते तुझं तू बघ. मला काय ठाऊक?"

गाडी आली. दत्तू खिडकीत बसला आणि विचारात पडला. ज्योत्स्ना खाली हात हलवत होती, तर तो मध्येच ओरडला, "ताई, तुला बोरं आवडत्यात का चिंचा?"

"दोन्ही."

"एक सांग."

गाडी हलली तेव्हाही त्यांचा वाद चालू होता. रडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

नाशिकला पोचायला दिवे लागून गेले. मॅडम फाटकातच उभ्या होत्या. सगळा प्रकार ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, मग विचारलं, "आणि डबा?"

"लासलगावला राहिला," गोजराबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे पोराकडं हे. माहेरचा डबा हे मॅडम. सोडून कसा देऊ? आता त्याला तो घेऊन यावाच लागंल."

मॅडम तोंड फिरवून हसल्या. उशिराबद्दल मंडळात त्यांना ऐकून घ्यावं लागलं. पण त्यांनी सांगितलं की मुलगी रडली नाही, पोटभर जेवली, आणि उशीखाली आता काही नसतं. मनमाडहून रावजी काकांनी कळवलं की दत्तू रोज शाळेतून आला की बोरीच्या झाडाखाली जाऊन बोरं पिकली का ते पाहतो, आणि बाकीच्या पोरांना तिथे फिरकू देत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "एक डबा परत द्यायला परवानगी कशी नाकारायची?"

संक्रांतीला दत्तू आला. डब्यात बोरं होती. डबा परत जाताना तिळाच्या वड्या घेऊन गेला. पुढच्या वर्षी तसाच एक स्टीलचा डबा मालेगावला जाऊ लागला, एक येवल्याला. भावंडं वेगवेगळ्या बालगृहांत पडली की त्यांच्यासाठी डबा काढायचा, ही त्या बालगृहाची रीत होऊन गेली. मी तिथे शिकवायला जायला लागले तेव्हा स्वयंपाकघरात डब्यांची एक स्वतंत्र फळी होती, आणि कुठला डबा सध्या कुठल्या गावी आहे हे मुली तोंडपाठ सांगायच्या.

गोजराबाई निवृत्त झाल्या त्यानंतर तीन दिवाळ्या गेल्या. २००८च्या भाऊबीजेला ज्योत्स्ना नर्सिंगच्या हॉस्टेलवरून आणि दत्तू मनमाडहून, दोघं मखमलाबादला त्यांच्याकडे आली. मी आधीच तिथे होते. त्या खाटेवर पडून होत्या, धाप लागत होती. दार उघडंच होतं. दोघं बाहेरच थांबली, आणि दत्तूने टकटक केली. गोजराबाई हसल्या आणि मुद्दाम गप्प राहिल्या. ज्योत्स्ना म्हणाली, "बरं, करंज्या घेऊन परत जातो." मग त्या "या" म्हणाल्या.

ज्योत्स्नाची वेणी कमरेपर्यंत आली होती. दत्तू खाटेशेजारी जमिनीवर बसला आणि ज्योत्स्नाने त्याला तिथेच ओवाळलं. पितळी डबा मधोमध होता, आता एका बाजूने चेपलेला. खूप हसणं झालं. लासलगावचा स्टेशन मास्तर, मनमाडचा स्टेशन मास्तर, उलटी लेस, सगळं पुन्हा सांगून झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोजराबाई गेल्या, झोपेतच. आदल्या संध्याकाळी दोघं निघाली तेव्हा त्यांचा डोळा लागला असावा असं आम्हाला वाटलं होतं. दत्तूने हळूच डबा उचलला. झाकणाची कडी वाजली. तशी त्यांनी डोळे न उघडता सुनेला हाक मारली.

"भाग्यश्री, अगं रिकामा न्यायला लागलाय तो. शेंगा घाल त्यात."