मानेवरचं शिबं

आमचा मोताळ्याले घाणा होता, आन् माह्या बापाचा देव म्हणजे तेल. पोट दुखलं, बेंबीत तेल. कान ठणकला, कानात तेल. मेलेल्या माणसाले तेवढं त्यानं सोडलं. माह्या मानेवर पांढरे चट्टे उठले तवा त्यानं मायले हुकूमच सोडला, सकाळ-संध्याकाळ तेल चोळ. मायनं एवढं चोळलं का मी पाटावरून घसरत होती. चट्टे मात्र पाठीवर उतरले.

तवा माहं लग्न जवळच्याच खेड्यात जमलं होतं. होणारी सासू एक दिवस घरी आली, माहा पदर सरकवला, मान पाह्यली आन् म्हणली, पोरीले कोड हाये. पानसुपारीले हातही लावला नाही. कोडाची पोरगी कोण करते, म्हणत निंगून गेली. मी लय रडली, दुःखापेक्षा रागानं जास्त.

बापानं दमणीले बैल जुंपले आन् मले खामगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नागपूरले शिकलेला, मिसरूड फुटलेला पोट्टा. त्यानं चट्टा खरवडला, कोंडा काचेवर घेतला, दुर्बिणीत पाह्यला. म्हणे हे कोड नाही, शिबं हाये. लोणच्यावर येते तशीच एक बुरशी. ती सगळ्यायच्याच कातडीवर राह्यते, पण तेल आन् घाम भेटला का माजते.

मंग त्यानं इचारलं, हिले तेल कोण लावते? बापानं छाती फुगवून सांगतलं, घरच्या घाण्याचं हाये.

"मंग काका, तुम्ही बुरशीले जेवू घालून राह्यले."

बाप परतीच्या वाटेनं माह्यावरच फुगून बसला, जसं काही मीच त्याच्या तेलाची चुगली केली होती.

गंधकाच्या मलमानं खाज गेली, बुरशी मेली. पण कातडीचा रंग भरून याले दोन-तीन महिने लागतीन, असं डॉक्टरानं आधीच बजावलं होतं. लग्न तर महिन्यावर आलेलं. कोड नाही अशी डॉक्टराची चिठ्ठी बापानं धाडली, ती सासूनं पाह्यलीही नाही. चिठ्ठी काय, कोणीही लिहून देते, म्हणे.

पुढच्या बाजारी ती आमच्या तेलाच्या दुकानासमोरून चालली होती. बाप गिऱ्हाइकं सोडून उठला आन् भर बाजारात वरडला.

"पोरीले कोड नाही. माह्या तेलानं तिची कातडी खराब केली. हे तेल कोणी अंगाले लावू नका."

तेल खराब हाये असं डॉक्टर म्हणलाच नव्हता. सासू थांबली, इकडंतिकडं पाह्यलं, आपला धंदा बुडवून कोणी खोटं बोलत नाही म्हणली आन् होकाराची मान हालवली.

दिवस मावळता बाप भरलेले डबे तसेच घेऊन घरी आला. मायले म्हणला, लग्नाच्या तयारीले लाग.